‘नो’ या इंग्रजी शब्दाची कुळकथा

इंग्रजी शिकू लागलेल्या मराठी मुलाला लेखन आणि उच्चार यांतील तफावतीचा पहिला अनुभव ज्या शब्दांनी येतो, त्यांत ‘जाणणे’ या अर्थाच्या ‘नो’ या क्रियापदाचे स्थान वरचे आहे. लिहिताना आरंभी ‘के’ लिहावयाचा आणि बोलताना तो गिळून टाकावयाचा. परिणामी ‘नाही’ या अर्थाचा ‘नो’ आणि ‘जाणतो’ या अर्थाचा ‘नो’ यांत कानाला काहीच भेद उरत नाही. ‘येथे के सायलेंट आहे’ एवढे सांगून शिक्षक पुढे जातात. वस्तुतः हा मुका ‘के’ म्हणजे या शब्दाच्या वंशावळीचा सर्वांत बोलका पुरावा होय. तो नसता, तर ‘नो’ आणि आपला ‘ज्ञान’ हा शब्द एकाच घराण्यातील आहेत, हे सहजासहजी कोणाच्या ध्यानी आले नसते.

प्राचीन इंग्रजीत हे क्रियापद ‘क्नावन’ असे होते आणि त्यातील ‘क’ स्पष्ट उच्चारला जाई. गुडघ्याला ‘नी’, सुरीला ‘नाइफ’, गाठीला ‘नॉट’ आणि सरदाराला ‘नाइट’ म्हणताना आज जो ‘क’ गाळला जातो, तोही त्या काळी ऐकू येत असे. जर्मन भाषेत गुडघ्याला आजही ‘क्नी’ असेच म्हणतात. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टर येथे छापखाना उघडला आणि त्यानंतरच्या दीडदोनशे वर्षांत इंग्रजीचे लेखन बहुतांशी ठरून गेले. ‘क’चा उच्चार मात्र लुप्त झाला तो मुख्यतः सतराव्या शतकात. लेखन आधी गोठले आणि उच्चार नंतर पुढे सरकला, म्हणून हा ‘के’ कागदावर राहून गेला.

या ‘क’ला संस्कृतात ‘ज’ भेटतो. इंग्रजी ‘नो’ आणि संस्कृत ‘ज्ञा’, इंग्रजी ‘नी’ आणि संस्कृत ‘जानु’, गोतावळा या अर्थाचा इंग्रजी ‘किन’ आणि संस्कृत ‘जन’ या जोड्या पाहिल्या की त्यामागील नियम दिसू लागतो. ग्रीक व लॅटिन भाषांत याच ठिकाणी ‘ग’ आढळतो. गुडघ्याला ग्रीकमध्ये ‘गोनु’, लॅटिनमध्ये ‘गेनु’. कुळाला लॅटिनमध्ये ‘गेनुस’. आणि ‘जाणणे’ या अर्थी ग्रीकमध्ये ‘गिग्नोस्को’. मूळ ‘ग’चा जर्मानिक गटातील भाषांत ‘क’ होतो, हा नियम डॅनिश पंडित रास्क यांनी १८१८ मध्ये आणि जर्मन पंडित याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये मांडला. हेच ग्रिम आपल्या भावासह जमविलेल्या परीकथांसाठी घरोघर ठाऊक आहेत. लिथुएनियन भाषेत ‘जाणणे’ म्हणजे ‘झिनोति’, रशियनमध्ये ‘ज़्नात’. मूळ भाषेतील धातू साधारणपणे ‘ग्नो’ असा होता आणि त्यातील ‘ग’ तालव्य होता, अशी पुनर्रचना या सर्व रूपांवरून पंडितांनी केली आहे.

येथे एका प्रचलित समजुतीचा परामर्श घेणे आवश्यक आहे. ‘इंग्रजी नो हा शब्द संस्कृत ज्ञा धातूपासून आला’ असे विधान व्याख्यानांतून, स्मरणिकांतून आणि कधीकधी पाठ्यपुस्तकांना जोडलेल्या मार्गदर्शिकांतूनही आढळते. विधानातील साम्य खरे आहे. नाते मात्र चुकीचे सांगितले आहे. हे नाते मायलेकींचे नसून बहिणींचे होय. सर विल्यम जोन्स यांनी २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे जे भाषण केले, त्यातही संस्कृत ही ग्रीक व लॅटिन यांची जननी आहे असे त्यांनी म्हटले नव्हते. या तिन्ही भाषा एका समान उगमातून निघाल्या असाव्यात आणि तो उगम कदाचित आता अस्तित्वात नसेल, असा त्यांचा अभिप्राय होता. पुढे त्यांच्या नावावर नेमके उलटे मत खपविले गेले.

बहिणींचे नाते कशावरून? त्याचा पुरावा संस्कृताच्या अंतरंगातच आहे. संस्कृतात ‘दा’ (देणे), ‘धा’ (ठेवणे) आणि ‘स्था’ (उभे राहणे) हे तिन्ही धातू आकारान्त आहेत. ग्रीकमध्ये त्यांचे जोडीदार अनुक्रमे ‘दो’, ‘थे’ आणि ‘स्ता’ असे तीन निरनिराळ्या स्वरांचे आहेत. ‘ज्ञा’चा जोडीदार ‘ग्नो’. ग्रीकांनी हे शब्द संस्कृतातून उचलले असते, तर एकाच ‘आ’पासून कोठे ‘ओ’, कोठे ‘ए’ आणि कोठे ‘आ’ करावयाचा हे त्यांना कोणी सांगितले? आणि लॅटिनने नेमकी तीच वाटणी कशी केली? तेव्हा मुळात तीन स्वर होते आणि संस्कृतात ते ‘आ’मध्ये एकवटले, हेच अनुमान उरते.

शालेय संस्कृत शिकलेल्या वाचकाला दुसरा पुरावा अधिक जवळचा वाटेल. ‘कृ’ धातूचे परोक्ष भूतकाळाचे रूप ‘चकार’ आणि ‘गम्’चे ‘जगाम’. धातूचे पहिले अक्षर द्विरुक्त व्हावयाचे, तर ‘ककार’, ‘गगाम’ का नाही? कवर्गाच्या जागी चवर्ग येतो हे व्याकरण सांगते. पण तो का येतो? द्विरुक्त अक्षरात एके काळी ‘अ’ नसून ‘ए’सारखा स्वर होता आणि त्या स्वराच्या सान्निध्याने ‘क’चा ‘च’ व ‘ग’चा ‘ज’ झाला. नंतर तो स्वर ‘अ’मध्ये विरून गेला, पण त्याने केलेला फेरफार मागे राहिला. १८७० च्या दशकात अनेक पंडितांच्या हे जवळजवळ एकाच वेळी लक्षात आले आणि ‘तालव्यीकरणाचा नियम’ या नावाने ते प्रसिद्ध झाले. संस्कृतालाही संस्कृतापूर्वीचा इतिहास होता, याचा याहून सुंदर दाखला क्वचितच सापडेल. यात संस्कृताला कमीपणा येण्याचे कारण नाही. स्वरांच्या बाबतीत ग्रीक अधिक जुनाट राहिली, तर ‘घ’, ‘ध’, ‘भ’ यांसारखी घोष महाप्राण व्यंजने संस्कृतानेच जतन केली.

कुळाची ही ओळख पटल्यावर एक शब्द विशेष न्याहाळण्याजोगा आहे. संस्कृत ‘अज्ञात’ या शब्दाचे तीन तुकडे होतात: नकारार्थी ‘अ’, धातू ‘ज्ञा’ आणि प्रत्यय ‘त’. ग्रीक ‘अग्नोतोस’ आणि लॅटिन ‘इग्नोतुस’ या शब्दांचेही तेच तीन तुकडे त्याच क्रमाने पडतात आणि अर्थही ‘अज्ञात’ असाच. प्राचीन इंग्रजीत याच घडणीचा शब्द होता ‘उनकूथ’. तो आज ‘अनकूथ’ या रूपात जिवंत आहे, पण अर्थ पार बदलला आहे. अनोळखी तो परका, परका तो विचित्र, विचित्र तो रानवट, अशा पायऱ्या उतरत या शब्दाला आज ‘असंस्कृत, गावंढळ’ असा अर्थ आला आहे. त्याच्या उलट ‘किथ’ म्हणजे ओळखीचे लोक. ‘किथ अँड किन’ या जोडशब्दात ओळखीपाळखीचे आणि रक्ताचे असे दोन्ही गोत एकत्र येतात. आपल्याकडचा ‘ज्ञाती’ हा शब्द ‘ज्ञा’ धातूचा मानावा की जन्मवाचक ‘जन्’ धातूचा, याविषयी पंडितांत मतभेद आहेत. गंमत अशी की पाणिनीने अष्टाध्यायीच्या सातव्या अध्यायातील एकाच सूत्रात या दोन्ही धातूंना ‘जा’ हा आदेश सांगितला आहे. म्हणूनच ‘जानाति’ आणि ‘जायते’ ही रूपे इतकी सारखी दिसतात.

‘करू शकणे’ या अर्थाचे इंग्रजी ‘कॅन’ हे साहाय्यक क्रियापदही याच घरातले, ही गोष्ट अनेकांना नवी वाटेल. ‘कॅन’चा मूळ अर्थ ‘जाणतो’ असाच होता. पोहणे जाणतो तो पोहू शकतो, या वाटेने ज्ञानाचे सामर्थ्य झाले. याच क्रियापदाचे भूतकाळी रूप ‘कुड’. त्यात आज लिहिला जाणारा ‘एल’ मुळात नव्हता. ‘वुड’ आणि ‘शुड’ या शब्दांत तो हक्काने होता. त्यांच्या शेजारी बसून ‘कुड’नेही तो लावून घेतला. ‘नो’मधील ‘के’ उच्चारला जात नाही पण वंशपरंपरेने आलेला आहे. ‘कुड’मधील ‘एल’ही उच्चारला जात नाही, पण तो निव्वळ उसना आहे. शुद्धलेखनाच्या वहीत मात्र दोघांचा मान सारखाच.

‘कनिंग’ या शब्दाचा प्रवासही उद्बोधक आहे. आज त्याचा अर्थ कावेबाज. १६११ च्या बायबलच्या इंग्रजी भाषांतरात मात्र कसबी कारागिराला हेच विशेषण गौरवाने लावलेले आढळते. जाणकार माणूस लबाड ठरण्यास इंग्रजीत फार काळ लागला नाही. मराठीनेही याहून वेगळे काय केले? ‘सज्ञान’पासून आलेला ‘शहाणा’ हा शब्द आजही चांगल्या अर्थाने वापरात आहे. पण ‘फार शहाणा आहेस’ असे म्हटले की ऐकणाऱ्याने काय ते समजावे. ‘अतिशहाणा’ आणि ‘दीडशहाणा’ हे तर शिव्यांच्या उंबरठ्यावरचे शब्द. विशेष म्हणजे ‘कनिंग’ आणि ‘शहाणा’ हे दोन्ही शब्द अंती एकाच धातूचे.

‘नो’ची सद्दी इंग्रजीत आरंभापासून एवढी नव्हती. एखादी गोष्ट माहीत असणे यासाठी प्राचीन इंग्रजीत ‘वितन’ हे दुसरेच क्रियापद होते. त्याचे नाते संस्कृत ‘विद्’ धातूशी, म्हणजे ‘वेद’ आणि ‘विद्या’ यांच्याशी आहे. हा मूळचा ‘पाहणे’ या अर्थाचा धातू. लॅटिनमध्ये त्याचा तोच अर्थ राहिला आणि त्यातून आलेला ‘व्हिडिओ’ हा शब्द आज खेड्यापाड्यांत पोहोचला आहे. जर्मन भाषेने ‘विस्सेन’, ‘केन्नेन’ आणि ‘क्योन्नेन’ असे माहिती, ओळख आणि कौशल्य यांचे तीन स्वतंत्र खण राखले आहेत. इंग्रजीत मध्ययुगानंतर ‘वितन’ मागे पडले. ‘विट’, ‘वाइज’, ‘विटनेस’ अशी त्याची मुले उरली आणि क्रियापदाची सारी जबाबदारी ‘नो’वर येऊन पडली. मराठी माणूस ‘मला हे माहीत आहे’, ‘मी त्यांना ओळखतो’ आणि ‘मला पोहता येते’ अशी तीन निराळी वाक्ये बोलतो. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी ‘नो’ चालून जाते. मराठीतून इंग्रजीत जाताना हे सोयीचे वाटते, पण उलट दिशेने भाषांतर करणाऱ्याची त्यामुळे नेहमी तारांबळ उडते.

फ्रेंच व लॅटिनच्या वाटेने याच धातूची जी दुसरी फौज इंग्रजीत शिरली, तिची गणती करणे कठीण आहे. लॅटिनमध्येही शब्दारंभीचा ‘ग’ लोपला आणि ‘ग्नोस्केरे’चे ‘नोस्केरे’ झाले. मात्र आधी उपसर्ग असेल तेथे तो टिकून राहिला. म्हणून ‘नोटीस’, ‘नोशन’, ‘नोबल’ यांत ‘ग’ दिसत नाही, पण ‘इग्नोर’, ‘रेकग्नाइज’, ‘इन्कॉग्निटो’ यांत दिसतो. ‘नोबल’ म्हणजे मुळात ‘जाणण्याजोगा, नामांकित’. ‘नोटोरियस’ म्हणजे केवळ ‘सर्वांना ठाऊक असलेला’. आज त्याचा अर्थ कुप्रसिद्ध. न्यायालयाची नोटीस घेऊन बेलिफ दाराशी उभा राहतो, तेव्हा त्याच्या हातातील ‘नोटीस’ आणि त्या कागदातील ‘आज्ञा’ हे दोन्ही शब्द सगोत्र असतात. वृत्तपत्रांत रोज छापला जाणारा ‘दखलपात्र गुन्हा’ हा इंग्रजी ‘कॉग्निझेबल’चा मराठी पर्याय. ज्या गुन्ह्यात पोलीस वॉरंटाविना अटक करू शकतात, तो दखलपात्र. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील ही विभागणी १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. ‘कॉग्निझेबल’च्या पोटातही तोच ‘ग्नो’ आहे.

‘इग्नोरेमस’ या शब्दाची हकीकत थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे. लॅटिनमध्ये याचा अर्थ ‘आम्ही जाणत नाही’. इंग्लंडमध्ये आरोपपत्राची प्राथमिक छाननी करणारे पंचमंडळ पुरावा अपुरा वाटल्यास त्या कागदाच्या पाठीवर हा शेरा मारीत असे. जॉर्ज रगल यांनी ‘इग्नोरेमस’ याच नावाचे लॅटिन प्रहसन लिहिले आणि १६१५ मध्ये केंब्रिज येथे राजा पहिला जेम्स याच्यासमोर त्याचा प्रयोग झाला. त्यातील या नावाचा वकील अज्ञान आणि मिजास यांचा पुतळा होता. तेव्हापासून हे क्रियापद नाम बनले आणि ‘अडाणी मनुष्य’ या अर्थाने रूढ झाले. न्यायदानातील एक प्रामाणिक कबुली शेवटी कुचेष्टेचा विषय झाली.

ग्रीकमधून आलेल्या शब्दांची गोष्ट वेगळी. ते बहुधा विद्वानांनी घडविलेले किंवा आणलेले असून त्यांचे अर्थ फारसे घसरलेले नाहीत. रोग नेमका वेगळा ओळखणे ते ‘डायग्नोसिस’. त्याची पुढील वाटचाल आधीच जाणणे ते ‘प्रॉग्नोसिस’. या दुसऱ्या शब्दातील ‘प्रो’ हा उपसर्ग म्हणजे आपला ‘प्र’. तेव्हा ‘प्रॉग्नोसिस’ आणि ‘प्रज्ञा’ यांचे साम्य धातू आणि उपसर्ग असे दोन्हीकडून आहे, अर्थाने मात्र त्या दोघांनी वेगळ्या वाटा धरल्या. टी. एच. हक्सले यांनी १८६९ मध्ये ‘अॅग्नॉस्टिक’ हा शब्द घडविला. ईश्वर आहे की नाही हे जाणता येत नाही, अशी भूमिका घेणाऱ्याला तोवर नाव नव्हते. मराठीत त्यासाठी ‘अज्ञेयवादी’ हा शब्द रूढ झाला. पारिभाषिक शब्द घडविताना केलेले भाषांतर बहुधा ओढूनताणून केलेले वाटते. येथे मात्र ‘अ’ला ‘अ’ आणि ‘ग्नो’ला ‘ज्ञ’ असे सख्खे भावंडच जागेवर बसले आहे.

मराठीच्या अंगणात या धातूची जी प्रजा नांदते, तिच्यापैकी ‘ज्ञान’, ‘विज्ञान’, ‘प्रतिज्ञा’, ‘जिज्ञासा’, ‘कृतज्ञ’ हे शब्द चेहऱ्यावरूनच ओळखू येतात. प्राकृताच्या मार्गाने आलेले शब्द मात्र वेष पालटून वावरतात. ‘जाणणे’, ‘जाणता’, ‘जाणीव’ हे त्यातल्या त्यात उघड. ‘तुला माझी आण आहे’ यातील ‘आण’ म्हणजे ‘आज्ञा’च. ‘विनवणे’ हे संस्कृत ‘विज्ञापयति’चे वंशज, पेशवाईतील पत्रांच्या आरंभी येणारी ‘विज्ञापना’ त्याचीच थोरली बहीण. जुन्या मराठीतील ‘नेणणे’ म्हणजे न जाणणे. नकार आणि क्रियापद यांचा असा सांधा प्राचीन इंग्रजीतही होता, कारण तेथे ‘वितन’ला ‘ने’ हा नकार जोडून ‘न्युतन’ हे क्रियापद सिद्ध होई. आणखी एक शाखा इराणातून आली. संस्कृत ‘ज’च्या जागी अवेस्ताच्या भाषेत ‘ज़’ आणि जुन्या फारसीत ‘द’ येतो. त्यामुळे ‘जाना’चे फारसीत ‘दान’ झाले. ‘नादान’ म्हणजे न जाणणारा, ‘कदरदान’ म्हणजे कदर जाणणारा. या ‘दान’चा आपल्या देण्याच्या ‘दाना’शी काहीही संबंध नाही.

‘ज्ञ’ दिसला की ज्ञान आलेच, असे मात्र समजू नये. ‘यज्ञ’ हा शब्द ‘यज्’ धातूला ‘न’ प्रत्यय लागून झाला आहे आणि ‘राणी’चे मूळ असलेली ‘राज्ञी’ ही ‘राजन्’ची आहे. येथे ‘ज’ आणि ‘न’ केवळ शेजारी आल्यामुळे ‘ञ’ झाला. याउलट ‘तज्ज्ञ’ या शब्दात ‘तत्’ आणि ‘ज्ञ’ असे दोन घटक असल्याने ‘ज’ दोनदा लिहावयास हवा. फलकांवर आणि निमंत्रणपत्रिकांवर सर्रास आढळणारे ‘तज्ञ’ हे लेखन त्यामुळे सदोष ठरते.

राहता राहिला उच्चार. शब्दारंभीचे व्यंजन गळून केवळ अनुनासिक उरावे, ही गोष्ट इंग्रजीत ‘नो’च्या आणि लॅटिनमध्ये ‘नोस्केरे’च्या वाट्याला आली, तीच भारतातही घडली होती. ‘ज्ञान’ला पालीत ‘ञाण’ म्हणतात आणि जैन आगमांच्या अर्धमागधीत ‘णाण’. तिन्ही ठिकाणी ही घट परस्परांशी संबंध नसताना झाली. संस्कृतातून पुन्हा घेतलेल्या ‘ज्ञ’चे प्रांतोप्रांती निरनिराळे उच्चार झाले. हिंदी भाषक ‘ग्य’ म्हणतात, गुजरातीत ‘ग्न’सारखा उच्चार ऐकू येतो आणि मराठीत ‘द्न्य’. म्हणून रोमन लिपीत ज्ञानेश्वरांचे नाव मराठी माणूस ‘डी’पासून लिहितो, उत्तर भारतीय ‘जी’पासून, आणि संस्कृताचे अभ्यासक ‘जे’पासून. ग्रंथालयाच्या इंग्रजी सूचीत ज्ञानेश्वरीचा शोध घेणाऱ्याला त्यामुळे तिन्ही कप्पे उघडून पाहावे लागतात.